हात उठल्यावर

निकालाच्या दिवशी करीमभाई सगळ्यांच्या आधी यायचे आणि काउंटर रिकामं करायचे. पेपरवेट, स्टेपलर, पितळी फुलदाणी, सगळं कपाटात बंद. "हाताला लागलं की माणूस फेकतो, सर. न्हाई लागलं तर निदान तोंडानं भांडतो," असं मला सांगायचे. लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासचे ते व्यवस्थापक होते आणि मी तिथे फिजिक्स शिकवायचो.

माणूस निलंग्याचा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते पत्र्याच्या शेडमध्ये मदत वाटत होते. तिथे ब्लँकेटसाठी डोकी फुटताना त्यांनी पाहिली होती. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं आणि ते आमच्याकडे आले. काउंटरवर बसणाऱ्या मुलींना शिकवायचे, "चिडलेल्या पालकाला 'शांत व्हा' म्हणू नका, त्यानं माणूस लई भडकतो. खुर्ची द्या, पाणी द्या, बोलू द्या. पण हात उठला की बोलणं खलास. मग आधी मार खाल्लेल्याकडं बघायचं." आमच्या संचालकांना मात्र आधी प्रवेशाचा हंगाम दिसायचा.

एकदा चाचणीच्या निकालावरून एका मुलाला खालच्या बॅचमध्ये टाकलं. त्याचा बाप शिरूर अनंतपाळकडचा बडा माणूस. त्याच्या शब्दावर आसपासच्या गावांतली पोरं आमच्याकडे यायची. त्यानं काउंटरवरच्या सुनीताच्या कानाखाली वाजवली. करीमभाई मध्ये पडले, त्यांचा चष्मा फुटला. तरी त्यांनी त्याला बाहेर काढून शटर ओढलं, पोरांना मागच्या दारानं घरी पाठवलं आणि सुनीताला घेऊन आधी दवाखाना, मग पोलीस ठाणं गाठलं. संचालक फोनवर ओरडत होते, "मिटवा! कशाला बखेडा करताय?"

अखेर संचालकांनीच मिटवलं. सुनीताच्या वडिलांना बोलावून असं काही समजावलं की तक्रार मागे घेतली गेली. एवढ्यावर थांबते तर ते संचालक कसले? गुणवंतांच्या सत्काराला त्यांनी त्याच माणसाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. आमच्याकडे पाहुण्याला दारात ओवाळायची पद्धत. म्हणाले, "औक्षण सुनीताच करील. गैरसमज दूर होईल."

करीमभाईंचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "साहेब, मारणाऱ्याला ओवाळायचं आन् मार खाणारीनं ताट धरायचं? तिला इज्जत हाय का न्हाई?"

"करीमभाई, संस्था चालवायची आहे मला."

"चालवा," ते म्हणाले आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सुनीताही काम सोडून त्यांच्याबरोबर निघाली. सत्कार थाटात झाला, त्या पाहुण्याच्या खांद्यावर शाल घातली गेली. ओवाळायला दुसरी मुलगी मिळाली. मला आजही त्या शालीचा संताप येतो.

काही वर्षांनी करीमभाई निलंग्यात वारले. तोवर आमची संस्था चारमजली झाली होती. संचालकांनी शोकसभा ठेवली. भलामोठा फोटो, हार, माईक. डोळे पुसत ते म्हणाले, "करीमभाईंच्या काळात आपल्या संस्थेत कुणावर कधी हात उठला नाही."

मागच्या रांगेत सुनीता होती. ती उदगीरहून आली होती, हे मलाही ठाऊक नव्हतं. ती उठून उभी राहिली.

"उठला होता, साहेब. माझ्यावर. करीमचाचांनी तक्रार द्यायला नेलं होतं आन् तुम्ही मला ओवाळायला सांगितलं होतं."