डावीकडचा उजेड

"अवो पावणं, पडद्याकडं काय बघताय? भिंतीकडं बघा की!" गेम सुरू झाला की मामा गिऱ्हाइकाच्या खांद्यावर थाप मारून ओरडायचे.

राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात गेमिंगचं सामान मिळतं. पडद्यामागे लावायच्या, भिंतीवर उजेड पाडणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या, गोळी लागली की छातीवर थरथरणारी जाकिटं. प्रत्येक गेममध्ये हे दिवे चालवायची सोय नसते. तिथे मामा स्वतः जुळणी करून द्यायचे. स्फोट झाला की कुठली पट्टी किती पेटायची, सगळं त्यांच्या नजरेवर. जन्मभर गणपती मंडळांची रोषणाई केलेला माणूस, गिऱ्हाइकं मालकापेक्षा त्यांनाच मानायची. मी फोनवर तक्रारी घ्यायची आणि मधूनमधून मामांची बोलणी खायची.

एकदा ते म्हणाले, "डावी पट्टी मेलीया बघ. बदल." मी बदलली. आठवड्यानं पुन्हा तेच. तिसरीही त्यांना मंदच वाटली. "माल खराब धाडत्यात गं, दुसरं काय!" मला दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसत होत्या, पण मामांच्या नजरेला नावं कोण ठेवणार?

मग फोन येऊ लागले. "ताई, मामांच्या सेटिंगमधी डावीकडं लई भगभगतंय की!" मी उघडून पाहिलं. उजवी बाजू निम्म्यावर, डावी पार टोकाला. मी गुपचूप डावी उतरवली आणि सेटिंग पुन्हा पाठवलं. त्यांचा मान राहावा म्हणून. पुढे दर वेळी तेच करत गेले.

मामांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहा तसाच निवू लागला. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटू लागला. "म्हातारपण गं," म्हणून ते हसायचे, मीही हसायची. मला कळलं होतं बहुधा, आणि कळल्याचीच भीती वाटत होती. संध्याकाळी ते गाडीला किक मारून गडमुडशिंगीला घरी निघाले की मी पायरीवर बघत उभी राहायची. 'मामा, डोळे तपासून घ्या', एवढंच म्हणायचं होतं. रोज उद्यावर ढकललं.

एका सकाळी ते आलेच नाहीत. गावच्या फाट्यावर डावीकडून उसाचा ट्रॅक्टर आला. त्यानं हॉर्न दिला होता, तरी मामांनी गाडी सरळ पुढे घातली. जागीच गेले.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मामींनी माझा हात धरला. "पोरी, डाव्या हाताला एवढा मोठा ट्रॅक्टर. ह्यास्नी दिसला कसा न्हाय?"

"ऊन डोळ्यांवर आलं असेल, मामी," मी म्हणाले.

त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. मामी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.