मले समजत होतं

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. नवऱ्याले नाही, पोरीले नाही — देवापुढं हात जोडले तरी एवढं सोडून बाकीचं सारं सांगितलं. तुम्हाले सांगून राह्यली, कारण तुम्ही मले ओळखत नाही. अन् ओळखत असाल तर चुपचाप ऐका, मधात बोलू नका. मले कोणाची कीव नको. मले राग आहे, अन् तो आधी माझ्यावरच आहे.

मी नर्स आहे. वणीकडच्या एका सरकारी दवाखान्यात गरोदर बायांच्या तपासणीच्या टेबलावर माझी ड्युटी. आडनाव जाधव. आता जाधव म्हटलं की लोकं काय समजतात ते तुम्हाले माहीत आहे — मी त्याईले तसंच समजू दिलं. मी बंजाऱ्याची पोरगी आहे. फुलसावंगीकडच्या तांड्यातली. घरी आम्ही गोरबोली बोलतो, आईले याडी म्हणतो. पण जिल्ह्याच्या या टोकाले मले कोण ओळखते? हजर झाली त्या दिवशी कोणीतरी विचारलं, “जाधव म्हणजे कुठचे?” मी म्हटलं, “महागावकडचे.” झालं. खोटं बोलली का मी? नाही. खरं बोलली का?

काहून केलं असं — तर होस्टेलात पोरी माझ्या बोलण्याची नक्कल करत होत्या, हे कारण सांगता येते. दवाखान्यात आमच्या मोठ्या सिस्टर होत्या, वयानं अन् हुद्द्यानं मोठ्या. तांड्यावरची बाई आली की त्या नाकाले पदर लावत अन् म्हणत, “आल्या पहा, करा आता हातवारे.” सारे हसत. मीही हसत होती. हो, मीही! ते कारण नाही, ती लाचारी आहे. तिले कारणाचे कपडे घालून मी लय वर्षं फिरवलं.

राजूरकडे एका वीटभट्टीवर तेलंगणातले मजूर यायचे. त्यातले काही तिथल्या तांड्यांतले — आमचेच लोक, आमचीच बोली, फक्त राशनकार्ड दुसऱ्या राज्याचं. दिवाळी झाली की येत, मृगाच्या आधी परत जात. सहा-सात महिने इथं राहायचं, इथल्या विटा थापायच्या, इथल्या लोकाईची घरं उभी करायची, अन् दवाखान्यात आले की आमचा पहिला प्रश्न — तुम्ही इथले आहे का?

त्या मंगळवारी सक्री आली. नाव मले नंतर कळलं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, आठवा सरून नववा लागलेला, संग सासू. दोघीच. नवरा भट्टीवर, त्याले मुकादमानं सोडलं नाही. आधी खिडकीवर गेल्या. खिडकीतल्या बाबूनं आधार मागितलं — नाही. तपासणीचं कार्ड मागितलं — ते गावी राह्यलेलं. भट्टी कोणत्या उपकेंद्रात येते, असं विचारलं. आता ते त्याईले काय माहीत? आम्हालेच माहीत नव्हतं! ती भट्टी दोन उपकेंद्रांच्या शिवेवर होती. इकडची आशाताई म्हणे ती माझ्या हद्दीत नाही, तिकडची म्हणे माझ्या हद्दीत नाही. पोट काय तलाठ्याचा नकाशा पाहून वाढते का हो? पण बाबूनं केसपेपर काढला नाही. “सिस्टरले विचारा,” म्हणून बोट दाखवलं. ते बोट माझ्याकडं होतं.

ती टेबलासमोर उभी राह्यली. बांगड्या पार कोपरापर्यंत, ओढणीले लाल मातीचा थर. एक हात पोटाखाली धरून ती म्हणाली, “हालं कोनी, याडी. हालं कोनी.”

हलत नाही, माय. हलत नाही.

मले समजलं. एकेक अक्षर समजलं. तिची सासूही सांगून राह्यली होती — कालच्या दुपारपासून लेकरू हललं नाही, गोड खाऊ घातलं, कुशीवर निजवलं, तरी नाही. नववा महिना अन् पोटातलं लेकरू हलत नाही म्हणजे काय, हे मले शिकवावं लागते का? पोटावर यंत्र लावून ठोके ऐकाले दोन मिनिटं लागतात. यंत्र माझ्या खणात होतं.

बाजूले मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्याईनं विचारलं, “काय म्हणते गं ती?”

काय कठीण होतं सांगणं? एक वाक्य तर होतं. पण त्यानंतर दुसरा प्रश्न आला असता — तुले कसं समजते? अन् मग चहाच्या वेळी, अन् मग रोज… मी म्हटलं, “काय माहीत, मॅडम. भाषा समजत नाही.”

लोहाच्या गोळ्यांची पट्टी तिच्या हातात दिली. अन् हातवारे केले — ऐकून राह्यले ना? मी माझ्याच बोलीच्या बाईले हातवारे केले — की हिंदी नाही तर मराठी येणारा कोणी आणा, कार्ड आणा, मग या. सासू हात जोडून परत तेच बोलली. मी पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

माझी याडी ऊस तोडाले कोल्हापूरकडे जात होती. एकदा तापानं फणफणली तं तिकडच्या दवाखान्यातून तिले हाकललं — तुमच्या जिल्ह्यात जा म्हणे. हे सांगताना ती रडायची अन् मी त्या न पाहिलेल्या माणसाले शिव्या घालायची. पोरगी नर्स झाली तेव्हा तिनं सगळ्या तांड्याले गूळ वाटला. कायले वाटला गं याडी? ज्या माणसाले मी शिव्या घातल्या, तो मीच तर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सक्रीले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं. कळा सुरू होत्या. या वेळी मुकादम संग होता, त्याले मराठी येत होती, म्हणून सारं धडाधड झालं — पाहा, माणूस तोच, पोट तेच, फक्त भाषा बोलणारा आला तं दार उघडलं! डॉक्टरांनी ठोके पाहिले. नव्हते. दुपारी बाळंत झाली. पोरगा होता. केस दाट, नखं पुरी वाढलेली. मी त्याले हातात घेतलं अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, “याडी ये!”

सक्रीचं रडणं थांबलं. घामानं भिजलेलं डोकं उचलून तिनं माझ्याकडं पाह्यलं. “तू गोर छी?”

तू आपल्यातली आहे?

मोठ्या सिस्टर तिथंच होत्या. मी मान फिरवली अन् लेकरू फडक्यात गुंडाळलं. तिनं परत विचारलं नाही. तिले उत्तर भेटलं होतं — कालचंही, आजचंही.

आदल्या दिवशी तपासलं असतं तं वाचलं असतं का? कदाचित नाही. हा ‘कदाचित’ मी लय वर्षं चघळला. पण ठोके आहेत की नाहीत हे मी ऐकलंच नाही, तं त्या ‘कदाचित’वर माझा काय हक्क?

आता मी मोठी सिस्टर आहे. आता माझ्या खिडकीवर कोणी परप्रांतीयाले कार्ड मागून पाहावं — फाडून खाते मी त्याले. आधी तपासा, मग कागद, असं बजावलं आहे. गोरबोलीत बोलते, सर्वांपुढं, मोठ्यानं. प्रशिक्षणात मले उभं करतात अन् सांगतात, स्थलांतरित मजुरांची सेवा कशी करावी ते या बाईकडून शिका. टाळ्या वाजतात. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाले जाते. अन् त्याच सभेत कोणीतरी साहेब म्हणतो की हे लोक उदासीन असतात, वेळेवर येत नाहीत, काय करावं. त्याच्या हातात कागद असते. ते कागद कोण भरते? आम्ही. मी.

पोटातलं लेकरू दगावलं की एक फॉर्म भरावा लागते. तोही मीच भरला होता. मंगळवारी केसपेपर निघाला नव्हता, रजिस्टरमध्ये ओळ नव्हती, म्हणजे ती मंगळवारी आलीच नव्हती. कारणाच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं — रुग्ण पहिल्यांदाच आली. नातेवाइकांनी आणण्यास उशीर केला.

खाली नातेवाइकाची सही लागते. सासू वऱ्हांड्यात बसली होती, फडक्यातलं लेकरू मांडीवर घेऊन. मी कागद तिच्यापुढं धरला. यात काय लिहिलं आहे, असं तिनं आपल्या बोलीत विचारलं.

मी शाईचं पॅड उघडलं. तिचा अंगठा माझ्या हातानं शाईवर दाबला अन् त्या ओळीखाली उमटवून घेतला.