आजाराचं बारसं

आमच्या घरात माझ्या स्किझोफ्रेनियाला थायरॉइड म्हणायचे. बारसं आईनंच केलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत आईनं ते बदलून टाकलं. मग काय, अख्खी सोसायटी मला धन्याचं पाणी प्यायला सांगायची. मी मुकाट प्यायचे. चव तशी वाईट नव्हती.

औषध मात्र लागू पडलं. मी शिकायला आयर्लंडमध्ये लिमरिकला आले आणि इथेच नोकरीला लागले. ऑफिसात बॉसला खरं सांगितलं, तर तो ‘ग्रँड’, म्हणजे आपलं ‘ठीकाय’, म्हणून कामाला लागला. म्हणून इथली माणसं संत आहेत असं नाही हं. बातम्यांत असा आजारी पुरुष आला की हाच बॉस म्हणणार, युअर मॅन, म्हणजे तो बुवा, धोकादायक दिसतो. बाई असली तर बिच्चारी, पुरुष असला तर राक्षस.

२०२१च्या सुरुवातीला सगळं जग घरात कोंडलेलं असताना आईनं माझ्यासाठी इथल्याच नास गावातलं स्थळ शोधून काढलं. एकाच देशात असून भेटायची सोय नव्हती, तेव्हा बघण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर ठरला. तरी आईचा हुकूम, कांदेपोहे कर. अगं, खाणार कोण? तर म्हणे, दिसायला तरी हवेत. मी साडी नेसून, पायात लोकरीचे मोजे घालून, लॅपटॉपसमोर बशी धरून बसले. स्क्रीनच्या एका चौकोनात भारतातून आई, दुसऱ्यात मुलगा आणि त्याचे आईबाबा.

आईचा दुसरा हुकूम मात्र मला मान्य नव्हता. आजाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, लग्न झाल्यावर बघू. माझ्या मावसभावाचं असंच केलं होतं. त्यालाही हाच आजार, पण त्याच्यासाठी सगळ्यांकडे एकच उपाय: लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर. लावलं. वहिनीला कळलं ते नंतर. तिचा तेव्हाचा चेहरा मी पाहिलाय. मला तसं कुणाला फसवायचं नव्हतं, बस्स.

मुलगा हसरा होता, मला आवडलाही. शेवटी त्याच्या बाबांनी विचारलं, तुला काही सांगायचंय का? मी सांगितलं. आजाराचं नाव, रोजची गोळी, सगळं. मग त्याची आई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मुलाचं असतं तर गोष्ट वेगळी. बायको सांभाळून घेते. मुलीला कोण सांभाळणार?"

मी स्क्रीनवर आईकडे पाहिलं. वाटलं, आता ही रडेल, नाहीतर कॉल तरी कापेल. आईनं पदर खोचला.

"म्हणजे मुलाच्या आजाराला बायको हे औषध, आणि मुलीच्या आजाराला कडीकुलूप? माझ्या मुलीला स्किझोफ्रेनिया आहे, ताई. परमुलखात एकटी राहते, आपली गोळी आपण घेते, आणि तुमच्यापुढे खरं बोलली. तिला सांभाळायला कुणी नकोय. सोबत हवी होती."

मुलगा खाली मान घालून बसला. त्याचे बाबा ‘कळवतो’ म्हणाले आणि ती मंडळी गेली. स्क्रीनवर उरलो आम्ही दोघी.

आई डोळे पुसत म्हणाली, चांगलं स्थळ गेलं गं. मी म्हटलं, गेलं तर गेलं. मला हसू आवरत नव्हतं. खरं सांगते, इतका आनंद झाला होता की त्या एवढ्याशा खोलीत फुगडी घालावीशी वाटत होती. चारचौघांत माझी आई माझ्या बाजूनं उभी राहिली होती, माझं काहीएक न लपवता. मला स्थळापेक्षा हेच हवं होतं, आणि ते मिळेल अशी आशा मी कधीच सोडली होती.

आई चष्मा नीट बसवून म्हणाली, "पुढच्या स्थळाला मीच सांगते. आधी आजाराचं नाव, मग पत्रिका."