गच्चीवरून पाहिलेलं दूरदर्शन

बाळकुमच्या त्या सोसायटीत जुन्या टीव्हीचा विषय निघाला की सगळे नाटेकरांकडे बघायचे. आणि नाटेकरही, लबाड, बघू द्यायचे. सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा मजकूर पडलेला असायचा. ‘आमच्या काळी एकच चॅनेल, पण काय दर्जा!’ त्याखाली जोडलेले हात, फुलं, आणि कुणाचं तरी ‘काका, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं दूरदर्शन!’ हे वाक्य नाटेकर दिवसातून चार-पाचदा उघडून वाचायचे. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत अख्खी नोकरी गेली, तिथे त्यांना चालतंबोलतं सोडा, नुसतं बोलतंही कोणी म्हटलं नव्हतं.

एकदा तर त्यांनी कहरच केला. बातम्या देणाऱ्या बाईंच्या अबोली साडीचं वर्णन लिहिलं, काठापदरासकट. बायकांनी वाहवा केली. नाटेकर आंघोळीला गेले आणि बादलीसमोर बसून स्वतःलाच म्हणाले, "अरे गाढवा, टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. आणि तू तर तोसुद्धा पाहिलेला नाहीस."

हो ना, तीच तर गोम आहे! त्या सोनेरी काळातलं नाटेकरांनी काही म्हणजे काही पाहिलेलं नाही.

त्याचं असं झालं. तरुणपणी सुदेश नाटेकर राजापूरकडून डोंबिवलीला नोकरीला आलेले आणि भिवाशेठच्या चाळीत खोली घेऊन राहिलेले. भिवाशेठ मूळचे तिथलेच, भाताची शेतं विकून चाळ बांधलेली. चाळीतला एकुलता एक टीव्ही त्यांचा, त्यामुळे रविवारी अख्खी चाळ त्यांच्या खोलीत. एका रविवारी चित्र हलायला लागलं, पडदाभर मुंग्याच मुंग्या. तेव्हा हा उंचापुरा, एकटा, नव्या पगाराची रग असलेला सुदेश उठून म्हणाला, "अँटेनाचं मला कळतं." काय कळत होतं डोंबल! उडालेला बल्ब बदलण्यापलीकडे मजल नव्हती. पण समोर पोरीबाळी बसलेल्या, आणि जिभेला काय, हाड नसतं.

गच्चीवर जाऊन त्याने कठड्याजवळचा दांडा धरला मात्र, खालून ओरडा आला, "आलं, आलं! एकदम स्वच्छ!" हात सोडला की गेलं. धरला की आलं. भिवाशेठ स्वतः जिन्यात येऊन म्हणाले, "बाला, तुज्या हातान गुन हाय रं. सोरू नको." झालं! त्या दिवसापासून सगळी चाळ खाली आणि सुदेश वर, हात दांड्याला आणि तोंड मुंबईकडे. मालिका, नाटकं, क्रिकेट, सिनेमाची गाणी, सगळं त्याच्या पायाखालून निघून गेलं. उतरायची सोय नव्हती. उतरला असता तर चाळीने चपलाच काढल्या असत्या.

आवाज मात्र पोचायचा. भिवाशेठना ऐकू कमी यायचं, त्यामुळे आवाज पूर्ण सोडलेला. सुदेशला संवाद पाठ झाले, शीर्षकगीतं पाठ झाली. चेहरे त्याने आपल्या मनाने चिकटवून घेतले. ‘आलं’, ‘गेलं’, ‘थोडं डावीकडे’ हे खालून ओरडून सांगायची ती शेजारच्या खोलीतली कलावती. ती राजापूरचीच निघाली. पुढे भिवाशेठच्या बायकोने, रखमाबाईंनी, सुदेशच्या घरी शब्द टाकला, वडीलधाऱ्यांनी पसंत केलं आणि दोघांचं लग्न झालं. "आमच्या वेळी असली प्रेमबिम भानगड नव्हती," नाटेकर आजच्या पोरांना ऐकवायचे. "मोठ्यांनी सांगितलं, आम्ही मान डोलावली."

म्हणजे नाटेकर गच्चीवर होते याला जगात आता एकच साक्षीदार उरलेली, आणि ती रोज त्यांच्याच घरात पोळ्या लाटत होती. तिने मनात आणलं असतं तर एका वाक्यात यांची सगळी अब्रू वेशीला टांगली असती. पण अबोली साडीचं ऐकूनही ती गप्प राहिली. नाटेकरांनी त्या दिवशी न सांगता तिला लसूण सोलून दिला, आणि पुढे तो रिवाजच पडला. जितकी मोठी थाप, तितका जास्त लसूण.

आणि अशात सोसायटीच्या वर्धापनदिनाला जोडप्यांची स्पर्धा जाहीर झाली, जुन्या टीव्हीवरच. सांस्कृतिक समितीच्या संचिताने ग्रुपवर लिहिलं, ‘नाटेकर काका-काकू असताना बाकीच्यांनी उगाच कष्ट घेऊ नयेत.’ नाटेकरांनी लगेच अंगठ्याचं चित्र टाकलं आणि मग नियम वाचले. पहिली फेरी आवाज ओळखायची, दुसरी चित्रं ओळखायची. पण लगेच डोकं चाललं. आवाज आपण सांभाळू, चित्रं कलावतीची! ती तर खोलीत होती.

"अहो, मला नका ओढू त्यात," कलावती म्हणाली.

"अगं, लाजतेस काय? तुला सगळं येतं."

"मला काही येत नाही हो."

नाटेकरांना वाटलं, विनय. त्यांच्या अंगात तो नसल्यामुळे दुसऱ्यात दिसला की त्यांना भारी कौतुक.

रविवारी संध्याकाळी क्लबहाऊस भरलं. स्पर्धेला दोनच जोड्या उभ्या राहिल्या. नाटेकर दांपत्य आणि अकराव्या मजल्यावरचे सुशांत-रुचिता, ज्यांचा त्या काळात जन्मसुद्धा झालेला नव्हता. आवाजाच्या फेरीत नाटेकरांनी धुमाकूळ घातला. नुसती सतार वाजली की नाव सांगितलं. एका वकिलाच्या मालिकेतलं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं अर्धं स्वतः म्हणून दाखवलं, खर्जात. टाळ्याच टाळ्या! नाटेकरांनी उगाचच चष्मा पुसला.

मग पडद्यावर पहिलं चित्र आलं. एक मिशीवाला माणूस. नाटेकरांनी ऐटीत बायकोकडे पाहिलं. कलावती चित्राकडे बघतच राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "हे बातम्या द्यायचे का?" हशा पिकला. तो त्या काळातल्या सगळ्यात गाजलेल्या मालिकेचा नायक होता. दुसऱ्या चित्राला ती बोललीच नाही. तिसरं आलं तेव्हा नाटेकरांना राहवेना. चित्रात काळ्या कोटातला एक किडकिडीत, बुटका माणूस होता.

"हा वकीलसाहेबांचा कारकून!" ते गरजले.

"काका," रुचिता बिचारी ओशाळून म्हणाली, "हेच वकीलसाहेब. आम्ही लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बघितलेलं सगळं."

नाटेकर आ वासून बघत राहिले. एवढी वर्षं त्या आवाजाला त्यांनी सहा फूट उंची आणि रुंद छाती दिलेली होती! संचिता माईक घेऊन जवळ आली. "काका, असं कसं? तुम्ही तर सगळं पाहिलेलं ना?"

आता काय बोलणार, कप्पाळ? "पाहिलेलं नाही," नाटेकर म्हणाले. "ऐकलेलं. मी गच्चीवर अँटेना धरून उभा असायचो." त्यावर असं हसू फुटलं की सुशांतला खुर्चीवरून उठावं लागलं. "आणि काका, ती अबोली साडी?" मागून कोणीतरी ओरडलं. "कल्पनेतली होती," नाटेकर म्हणाले, आणि काय करतात, स्वतःही हसले. पण आत कुठेतरी लागलं. उद्यापासून ग्रुपवर आपल्याला कोण विचारणार, हे त्यांना दिसत होतं.

घरी आल्यावर ते कलावतीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "तू मुद्दाम केलंस ना? माझा माज उतरवायला?"

"मुद्दाम कशाला करीन? मला खरंच येत नव्हतं."

"थापा नको मारू. तू तर खोलीत होतीस!"

"खोलीत कुठली? खिडकीत. मान बाहेर काढून ओरडल्याशिवाय तुम्हाला वर ऐकू कसं जाणार? आतले सांगायचे, मी तुम्हाला सांगायचे. टीव्ही माझ्या पाठीमागे."

"अगं, मग मी चारचौघांत साड्यांचे रंग सांगत होतो, तेव्हा गप्प का बसायचीस?"

"तुम्हाला खोटं पाडलं असतं तर लोक म्हणाले असते, काकू, मग तुम्ही सांगा. मी काय सांगणार होते, माझं डोंबल?"

नाटेकरांना हसावं की रडावं कळेना. इतके दिवस लसूण सोलला तो ह्यासाठी! "पण रविवारच्या रविवारी तुलाच का उभी करायचे? दुसरं कोणी नव्हतं?"

"होत्या की. रखमाबाई दर वेळी म्हणायच्या, पोरी, तू बस जरा, दुसरी उभी राहील. मीच खिडकी सोडली नाही."

"का?" नाटेकरांनी विचारलं. एवढं झालं तरी अक्कल आली नव्हती.

कलावतीने गॅस बारीक केला. "एक दिवस रखमाबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, एवढी मान मोडून वर बघतेस, तर त्याच्या घरी बोलू का मी?" ती नाटेकरांकडे न बघता म्हणाली, "मी म्हटलं, बोला."