तोमासामावशीचा नळ

टेक्सासच्या सीमेवरच्या आमच्या वस्तीत दलाल बिनपाण्याचे प्लॉट विकायचे. त्यांना आळा बसावा म्हणून आम्ही भांडून कायदा करवून घेतला: नकाशा मंजूर नसेल, तर त्या प्लॉटला नळजोडणी नाही. राजधानीत सगळ्यात मोठ्यानं तोमासामावशीच बोलली होती.

पुढं पाइप तिच्या कुंपणापर्यंत आला. पण तिला प्लॉट विकणारा दलाल नकाशा मंजूर न करून घेताच पळाला होता.

"कायद्यानं बंदी आहे, सेन्योरा," पाणीखात्याचा माणूस म्हणाला.

"मेल्या, तो कायदा मीच आणलाय!"

"मग तुम्हाला ठाऊकच असेल."

मी त्याच्या अंगावर धावलो. मावशीनं माझी कॉलर धरली.

"त्याला मारून पाणी येणाराय का? जा, पिंप भरून आण."

स्वयंपाकघरात तिनं हौसेनं आधीच बसवलेला नळ चकचकीत पुसलेला होता. मी पिंप उचलून गाडीत टाकलं.