सर आम्हांला सोडून गेले

डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी आमचा फिल्म क्लब भरायचा. मी जायचे, कारण तिथे मूकपट दाखवायचे आणि मूकपटानंतर कुणी फारसं बोलायला लावत नाही. प्रेक्षक दहा-बारा. क्लब चालवणारे सर म्हणजे निवृत्त मराठी शिक्षक. हॉल रिकामा राहण्याला ते 'समाजाची घसरलेली अभिरुची' म्हणत.

त्या महिन्याचा विनोदी मूकपट असा होता: एक फिल्म कंपनी प्रसिद्धीसाठी आपली नटी पळवली गेल्याचं नाटक रचते, मग नटीला खरंच कुणी पळवतं आणि त्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही. सरांनी तो आधी घरी पाहिला आणि त्यातून नेमका उलटा धडा घेतला.

"आपणही हेच करू," ते म्हणाले. "मी दोन दिवस गायब. बदलापूरला मित्राकडे, फोन बंद. चौकात फ्लेक्स. बघ लोक कसे कुतूहलाने येतात."

मजकूर माझ्या गळ्यात पडला. मी घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात इंग्रजी जाहिराती लिहिते, म्हणजे मला लिहिता येतं, असा त्यांचा समज. मी इंग्लिश मीडियमची. घरी मराठीच बोलतो, पण मराठी लिहायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून टाळते, आणि हे त्या हॉलमध्ये कुणाला कळू नये म्हणून मी फार जपायचे. 'हरवले आहेत' हे मला कुत्र्यामांजरांसारखं वाटलं. म्हणून लिहिलं: 'सर आम्हाला सोडून गेले. रविवारी सकाळी अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये भेटू.'

सरांनी चष्मा लावून तपासलं. 'आम्हाला'चं 'आम्हांला' केलं, अनुस्वाराच्या महत्त्वावर दहा मिनिटं बोलले आणि आपला फोटो मोठा करायला सांगितला. मूकपट म्हणून फोटो ब्लॅक अँड व्हाइट.

शुक्रवारी फ्लेक्स लागला. शनिवारी ऑफिसातून परतताना स्टेशनबाहेर दुसराच फ्लेक्स दिसला: सरांना भावपूर्ण श्रद्धांजली. खाली 'शोकाकुल' म्हणून वॉर्डातून निवडणूक लढवू पाहणाऱ्या एका भाऊंचा हसरा, गॉगल लावलेला फोटो, सरांच्या तिप्पट. मी काय लिहिलंय ते मला तेव्हा कळलं. सरांचा फोन अर्थातच बंद. क्लबच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडत होते. मी खुलासा टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला. पाठवला नाही. मराठीत लिहू की इंग्रजीत, हेच ठरेना.

रविवारी हॉल गच्च. पांढरे कपडे, हार, माजी विद्यार्थी. अकराला सर नवा झब्बा घालून, हात पसरून पडद्यामागून बाहेर आले. कुणीतरी किंचाळलं.

"अरे, सर आहेत की!"

"मग या हाराचं काय करू?"

"घाल गळ्यात. नाहीतरी त्यांच्यासाठीच आणलेलास ना?"

कल्याणहून आलेल्या त्यांच्या मोठ्या बहिणीने रडता रडताच त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

चौकातला फ्लेक्स वाचून लोक श्रद्धांजलीला आलेत हे कळताच सरांनी तिथल्या तिथे फ्लेक्सवाल्या काकांना फोन लावला, स्पीकरवर. "तुम्ही मजकूर बदललात! डोंबिवलीत पुन्हा कुणी तुम्हांला काम देणार नाही, हे मी बघतो."

"सर, मी फक्त छापतो. वाचत नाही."

"ऐकलंत?" सर हॉलला म्हणाले. हॉलने मान हलवली. त्यातले निम्मे याच काकांकडून वाढदिवसाचे फ्लेक्स छापून घेणारे. मी अजून एक मिनिट गप्प बसले असते, तर माझी मराठी झाकली गेली असती आणि काकांचं दुकान बसलं असतं.

"सर, ते मी लिहिलेलं. तसंच." आवाज इतका बारीक निघाला की दोनदा सांगावं लागलं.

"अगं, पण मी तर तपासलं होतं…" म्हणत सर थांबले.

"तपासलंस?" बहीण म्हणाली. "अनुस्वार दिलास, आणि आपण मेलोय ते नाही दिसलं तुला?"

हॉल जो हसला, तसा नंतर मूकपटाला एकदाही हसला नाही. सरांनी "रेंज जातेय" म्हणत फोन कापला. माफी त्यांच्या अभिरुचीत बसत नसावी.

मग बाहेर जिन्यात जाऊन मीच काकांना फोन केला. "सॉरी काका, चूक माझी होती."

"जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "इतकी वर्षं श्रद्धांजल्या छापतोय. मयताने स्वतः फोन करून झापलं, असं पहिल्यांदाच झालं."