भाऊजींच्या अंगठ्याची उपकारस्तुती

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान फोटोंना फ्रेमा करतात आणि उरलेल्या वेळात लोकांवर जळतात. दोन्ही कामं ते मन लावून करतात, पण दुसऱ्यात त्यांचा हात जास्त बसलेला आहे. फ्रेमेच्या कोपऱ्यात कधीमधी केसभर फट राहून जाते. मत्सरात त्यांनी अशी फट कधी ठेवली नाही.

यात थोडा दोष धंद्याचाही आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी पहिल्या गीतानंतर उपकारस्तुतीची वेळ असते. ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्यानं जागेवर उभं राहायचं, काय लाभलं ते चार वाक्यांत सांगायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. कुणाची मुलगी डॉक्टर झालेली असते, कुणाचं घर बांधून झालेलं असतं, कुणी एकाच बायकोबरोबर पंचवीस वर्षं काढलेली असतात. भाऊजी हाताची घडी घालून हे सगळं ऐकतात. मग सोमवारी दुकान उघडलं की तीच मुलगी, तेच घर आणि तीच बायको वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या टेबलावर येते. म्हणजे लोकांचा आनंद रविवारी कानांनी सोसायचा आणि सोमवारी त्याच आनंदाला काच घालून, मागे पुठ्ठा ठोकून, वर कडी लावून द्यायची. एवढं करून गिऱ्हाईक म्हणणार, "जरा मोठी करा हो फ्रेम, हॉलमध्ये लावायचीय."

त्यामुळे भाऊजी माणसांची सुखं इंचांत मोजतात. "त्या शिक्षिकेची पोरगी अठरा बाय चोवीसला गेली," असं ते जेवता जेवता सांगतात, तेव्हा मुलीनं कसली पदवी घेतली ते त्यांना आठवत नसतं. काच किती लागली ते पक्कं आठवतं.

पण ही सगळी किरकोळ जळजळ. भाऊजींचा खरा मत्सर राखीव आहे, तो त्यांच्या साडूसाठी. साडू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते नळ दुरुस्त करतात. त्यांना सगळे नळवालेच म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं. भाऊजींना कुणी फ्रेमवाले म्हटलं तर ते ऐकू न आल्यासारखं करतात.

आता नळवाल्यांची परिस्थिती भाऊजींपेक्षा काडीचीही वरचढ नाही. दोन खोल्या यांना, दोन खोल्या त्यांना. गळकं छप्पर दोघांना. पण नळवाले दर रविवारी उभे राहतात. एकदा ते उभे राहिले, कारण त्यांना पळत येताना पाहून ड्रायव्हरनं बस थांबवली. एकदा हरवलेला चष्मा सापडला म्हणून. तो डोक्यावरच होता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. एकदा शेजाऱ्यांचा कुत्रा आता ओळख दाखवतो म्हणून उभे राहिले. दरवेळी मंडळी खळखळून आमेन म्हणते, आणि दरवेळी भाऊजींच्या मानेची शीर टरारून उभी राहते.

"डोक्यावरचा चष्मा सापडला म्हणून देवाला हाक," ते घरी येऊन म्हणाले. "देवाला दुसरे उद्योग नाहीत?"

"त्याला निदान डोक्यावरचा सापडतो," ताई म्हणाली. "तुम्हाला नाकावरचा दिसत नाही."

भाऊजींचं दुःख मी एकदा त्यांच्याच तोंडून नीट ऐकलं आहे. पट्टी कापता कापता करवत थांबवून ते म्हणाले, "त्याला मिळतं माझ्याइतकंच रे. पण दिसतं दुप्पट."

स्वतः भाऊजी एकोणीस वर्षांत एकदाही उभे राहिले नव्हते. त्यांचं म्हणणं, काहीतरी सांगण्यासारखं मिळू दे, मग उभा राहीन. ताई दर रविवारी गीत संपलं की डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्या गुडघ्यांकडे बघायची. गुडघे हलायचे नाहीत.

मग एका शाळेच्या फोटोची काच फुटली. तीन फूट लांब काच भाऊजी टेबलावर ठेवत होते, ती मधूनच तडकली आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल शिरली. डॉक्टरांनी टाके घातले आणि समजावून सांगितलं, की अंगठा वाकवणारी आतली दोरी तुटली होती, ती जोडली आहे. पण अंगठा वाकेल की नाही हे सहा आठवड्यांनी बँडेज सुटल्यावरच कळेल.

फ्रेमवाल्याचा उजवा अंगठा वाकला नाही तर काच कापायचा हिरा धरता येत नाही, खिळा धरता येत नाही, दोरीला गाठ मारता येत नाही. उरतं फक्त लोकांचे फोटो बघत बसणं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर भाऊजींचा चेहरा पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला होता. ताई शेजारी बसून म्हणाली, "वाकला, तर मंडळीत उभं राहून आभार मानायचे. कबूल?"

"एकदा सोडून दहादा उभा राहीन," भाऊजी म्हणाले. "फक्त वाकू दे."

ते सहा आठवडे दुकान चाललं ते नळवाल्यांमुळे. रोज सकाळी आपल्या कामाआधी दोन तास ते यायचे. भाऊजी खुर्चीत हात छातीशी धरून बसायचे, "डावीकडे सरक, अरे डावीकडे, तुझी डावी कुठली आहे," असं ओरडायचे, आणि नळवाले पट्ट्या कापायचे. नळ जोडणाऱ्या माणसाला सांध्यात फट खपत नाही. आठवड्याभरात त्यांचे कोपरे असे बसायला लागले की नख शिरेना. एक गिऱ्हाईक फ्रेमेवर हात फिरवून म्हणालं, "दुखण्यात असूनही काम सुधारलंय हो तुमचं." त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. हात दुखतोय म्हणून सांगितलं.

सहाव्या आठवड्यात बँडेज सुटलं. डॉक्टर म्हणाले, वाकवा. भाऊजींनी डोळे मिटले आणि अंगठा वाकला. आधी थोडा, मग पुरता. ताई तिथंच रडली. दुपारी भाऊजींनी स्वतःच्या हातानं एक काच कापली, ती सरळ गेली. शनिवारी संध्याकाळी ताईनं त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

रविवारी गीत संपलं. भाऊजींचे गुडघे खरोखर हलले, मी पाहिलं. तेवढ्यात पलीकडच्या बाकावर नळवाले उभे राहिले आणि म्हणाले, देवाच्या कृपेनं मला सामान न्यायला छोटी गाडी मिळाली. जुनी आहे, पण चढावर दम खात नाही.

आमेनचा आवाज झाला. भाऊजींचे गुडघे जागच्या जागी विझले.

घरी आल्यावर ताईनं फक्त एवढंच विचारलं, "काय झालं?"

"त्याला गाडी," भाऊजी म्हणाले, "आणि मला माझाच जुना अंगठा. दिला कुठे? परत केला. माझीच वस्तू मला मिळाली यात उभं राहण्यासारखं काय आहे? लोक हसतील."

"कबूल केलं होतंत."

"तेव्हा औषधाची गुंगी होती."

ताईनं हातातलं बायबल कपाटावर ठेवलं. मग म्हणाली, "देवाला दिलेला शब्द तुम्ही गुंगीवर ढकलता. मग मला दिलेला कशावर ढकलाल, ते आधीच सांगून ठेवा."

पुढच्या रविवारपासून ती मंडळीत धाकटीशेजारी जाऊन बसायला लागली. भाऊजींच्या बाकावर तिच्या जागी त्यांची छत्री असायची. घरात चहा वेळेवर मिळत होता, भाजीत मीठ बरोबर होतं, पण ताईचं बोलणं "वाढू का" आणि "विझवू का दिवा" एवढ्यावर आलं होतं. भाऊजींना हे खुपत होतं. अंगठ्यापेक्षा जास्त, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पण उभं राहायचं म्हटलं की डोळ्यांसमोर ती गाडी यायची. चढावर दम न खाणारी.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी नळवाले पुन्हा उभे राहिले. भाऊजींनी कंटाळून छताकडे बघायला सुरुवात केली.

"माझे थोरले साडू," नळवाले म्हणाले, "त्यांच्या हाताला मोठी दुखापत झाली होती. त्यांचा अंगठा देवानं बरा केला, त्याबद्दल मी..."

पुढचं वाक्य झालंच नाही. भाऊजी ताडकन उभे राहिले होते. छत्री खाली पडली.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "अंगठा माझा आहे."

सगळी मंडळी वळली. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी चष्मा वर केला. धाकटीनं ताईकडे पाहिलं नाही आणि ताईनं धाकटीकडे पाहिलं नाही. लहानपणी दोघी साखर चोरून खाल्ल्यावर अशाच बसायच्या.

"दादा, तुम्ही काही बोलत नव्हता," नळवाले म्हणाले, "म्हणून म्हटलं, आभार राहून जायला नकोत."

"तू बस खाली. तुझ्या गाडीचं झालं ना बोलून? आता अंगठाही तूच नेणार?"

पाळकसाहेब शांत माणूस. ते म्हणाले, "तुमचा आहे तर तुम्ही बोला. उभे आहातच."

आता आली पंचाईत. एकोणीस वर्षं बसून काढलेल्या माणसाला उभं राहिल्यावर हातांचं काय करायचं हेच कळेना. शेवटी भाऊजींनी उजवा हात पुढे धरला आणि अंगठा वाकवून दाखवला. कुणी काही म्हणेना, म्हणून पुन्हा वाकवला.

"हा वाकतो," ते म्हणाले. "सहा आठवडे वाकत नव्हता. शर्टाची बटणं बायको लावत होती. आंघोळीला साबण धरता येत नव्हता." मग थांबले. अंगठ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, की जणू कुणा गिऱ्हाइकानं आताच तो टेबलावर आणून ठेवला आहे. "मी घरी म्हणत होतो, माझाच अंगठा मला परत मिळाला, त्यात काय एवढं. पण माझाच होता, तर त्या सहा आठवड्यांत मला तो वाकवता का येत नव्हता?"

समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजोबांनी हळूच आपला अंगठा वाकवून पाहिला.

"देवा, तुझे आभार," भाऊजी म्हणाले. "आणि त्या सहा आठवड्यांत दुकानातले कोपरे यानं कापले. बरे कापले." नळवाल्यांकडे न बघता ते खाली पडलेल्या छत्रीकडे बघत राहिले. "चांगले कापले. त्याबद्दलही. आता कुणीतरी आमेन म्हणा, मला बसता येत नाहीये."

आमेन इतक्या जोरात झालं की पेटीवरचं पुस्तक घसरलं. ताई जागेवरून उठली, दोन बाकं ओलांडून आली, खाली पडलेली छत्री उचलली आणि त्या जागी बसली.

माझी समजूत होती, की त्या दिवसापासून भाऊजींचा मत्सर गेला. तसं काही झालं नाही. उलट त्याला काम मिळालं. परतताना नळवाल्यांनी सगळ्यांना त्या गाडीत घेतलं. भाऊजी पुढे बसले, चढ आला तेव्हा कान देऊन ऐकत राहिले, आणि गाडीनं खरंच दम खाल्ला नाही हे पाहून त्यांचं तोंड जरा वाकडं झालं.

घरी पोचल्यावर ते बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"ऐक," ते ताईला म्हणाले. "त्याचा काही भरवसा नाही. आज अंगठा न्यायला निघाला होता, उद्या आणखी काही नेईल. माझं काय काय आहे ते एकदा सांग बरं मला. त्याच्या लक्षात यायच्या आत."

ताईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "चष्म्याचा नंबर दोन वर्षांत वाढला नाही."

"हं. हे घेतलं. पुढे?"

"काच छातीवर नाही पडली. हातावर पडली."

भाऊजींनी अंगठा छातीवर टेकवून पाहिला. "हेही. आणखी?"

"मी आहे," ताई म्हणाली.

भाऊजींनी मागे वळून पाहिलं. नळवाले घराबाहेर वाकून गाडीचं चाक पुसत होते. मग आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, "हे त्यानं अजून कुठे बोललेलं नाही ना?"